'रेड बॅज ऑफ करेज' चार रविवारांत कशी बसवावी?

प्रश्न: बडोद्यात वाचनगट आहे, स्टीफन क्रेनची ही अमेरिकी यादवी युद्धावरची कादंबरी वाचायची आहे. प्रकरणं 24, बैठका चार. सहा-सहा घेऊ का?

उत्तर: नको, पहिल्या दिवशी 7 पर्यंत जा. नायक हेन्री, नवखा शिपाई, सहाव्यात लढाईतून पळतो, पण पलटण टिकली हे त्याला सातव्यात कळतं. मग तो खारीला पाइनचं बोंड फेकून मारतो, ती पळते आणि याला वाटतं, निसर्गाचाही नियम पळण्याचाच! इथे थांबाच, सुंदर जागा आहे.

उत्तर: पुढे 8–12. यात हेन्रीला जखम होते, पण ती शत्रूच्या गोळीची नाही, आपल्याच पळत्या शिपायाने हाणलेल्या बंदुकीच्या दस्त्याची. शीर्षकातला शौर्याचा 'लाल बिल्ला' म्हणजे जखमच; हे निसटलं तर शीर्षकच कळत नाही. मग 13–18, 19–24.

उत्तर: लढाईचं नाव कादंबरीत नाही, अभ्यासक 1863 चं चॅन्सेलर्सव्हिल मानतात. क्रेनचा जन्मच 1871 चा, म्हणजे ते युद्ध त्याने पाहिलेलंच नाही.