डंपची चित्रं: 'बिनकामाचा दिखावा' म्हणणाऱ्यांना उत्तर

खराडीकर

परवा 'स्टॅकट्रेस' यांनी इथे लिहिलं की मेमरी डंपची (प्रोग्रॅमच्या मेमरीची फाइलमध्ये जशीच्या तशी उतरवलेली नक्कल) चित्रं काढणं हा बिनकामाचा दिखावा आहे, ज्याला स्टॅक (कुठल्या फंक्शनने कुणाला बोलावलं त्याची यादी) वाचता येत नाही तो रंग बघत बसतो, आणि ऑफिसच्या भिंतीवर असले प्रिंट लावून त्याला कला म्हणणं म्हणजे कळस. तो प्रिंट आमच्या मजल्यावरचा आहे आणि मीच लावलाय. तेव्हा उत्तर देणं भाग आहे.

आमची एक जुनी सी प्लस प्लस सर्व्हिस होती. मेमरी चढत चढत जायची आणि शेवटी मरायची. लीक (घेतलेली मेमरी परत न करणं) शोधणारी टूल्स काहीच बोलत नव्हती, कारण आमचा स्वतःचा पूल ॲलोकेटर होता: सिस्टीमकडून मोठा तुकडा उचलायचा आणि आत आपणच वाटप करायचं. टूलला तो तुकडा एकसंध आणि व्यवस्थित वापरात दिसायचा. स्टॅक बघावा, तर ज्या थ्रेडला (प्रोग्रॅममधल्या कामाच्या एका धाग्याला) शेवटी मेमरी मिळाली नाही त्याचा. दोष त्याचा नव्हताच. त्यावर आठवडे गेले.

शेवटी डंपचं चित्र काढलं. एक बाइट, एक राखाडी ठिपका. शून्य काळं, २५५ पांढरं. रुंदी आठच्या पटीत ठेवली की पॉइंटर (मेमरीतल्या दुसऱ्या जागेचे आठ बाइटी पत्ते) लगेच ओळखू येतात, कारण प्रत्येकाचे वरचे दोन बाइट शून्य, म्हणजे काळ्या उभ्या रेघा. त्या चित्राच्या मधोमध एकाच विणीचा सलग पट्टा होता, खालपर्यंत. तिथला ऑफसेट (फाइलच्या सुरुवातीपासूनचं अंतर) घेऊन बाइट वाचले, तर रिट्रायच्या (फसलेलं काम पुन्हा करण्याच्या) रांगेतली ऑब्जेक्ट. टाइमआउट झाल्यावर ती पूलला कुणी परतच करत नव्हतं. कुठे बघायचं ते चित्राने सांगितलं, काय आहे ते डिबगरने (प्रोग्रॅम आतून तपासायच्या टूलने). दोन्ही लागतं, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि हे खूळ नवीन नाही. १९४८ साली मँचेस्टरच्या 'बेबी' यंत्राची मेमरी म्हणजे एक कॅथोड रे ट्यूब होती: ३२ ओळी, ओळीत ३२ बिटं. तोच मजकूर शेजारच्या पडद्यावर ठिपक्यांनी दिसायचा आणि उत्तर तिथूनच वाचायचे. मेमरी डोळ्यांनी बघणं ही या धंद्याची सुरुवात आहे.

स्टॅकट्रेस

साहेब, एक यश सांगितलंत, छान. आता हिशोब करू. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८० म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. आमच्याकडे येणारा डंप ६४ जीबीचा असतो. बाइटला एक ठिपका धरला तर ३३ हजारांहून जास्त पडदे झाले. कोण बघणार? लहान करून बघायचं म्हटलं तर हजारो बाइटांची सरासरी काढून एक ठिपका. त्यात बग उरतो का?

माझा अनुभव ऐका. एक सर्व्हर महिन्यातून एकदा पडायचा. डंप उघडला, तुटलेला पॉइंटर बघितला. त्यातले चार बाइट होते ८०, ११७, ११०, १०१. ज्याने आयुष्यभर डंप वाचलेत त्याला हे वाचायला चित्र लागत नाही: इंग्रजीत 'पुणे' लिहिलं होतं. पत्त्यातलं शहर शेजारच्या बफरमधून (मजकूर ठेवायच्या जागेतून) ओसंडून पॉइंटरवर सांडलं होतं. चहा संपायच्या आत बग सापडला. ही विद्या आहे. ती शिकायला वर्षं लागतात, आणि हल्लीच्या पोरांना वर्षं द्यायची नसतात. हिंजवडीत इंटरव्ह्यू घेतो मी, पाच-पाच वर्षं अनुभवाची मुलं येतात, जीडीबी हा डिबगर कधी उघडलेला नसतो. डॅशबोर्ड मात्र सगळ्यांना बनवता येतो. माझा राग त्यावर आहे.

खराडीकर

राग समजला, पण तो चित्रावर का काढता? आणि ते चार आकडे तुम्ही कसे ओळखलेत? नियम लावून नाही. बघताक्षणी 'ही अक्षरं आहेत, पत्ता नाही' असं डोळ्याने सांगितलं. मी डंपच्या चित्रात तेच करतो, फक्त चार बाइटांऐवजी चार कोटींवर. शिवाय तुम्ही रोज फ्लेम ग्राफ (प्रोग्रॅमचा वेळ कुठे जातो ते दाखवणाऱ्या थरांच्या पट्ट्या) उघडता, इथेच लिहिलंय तुम्ही. तो ब्रेंडन ग्रेग यांनी २०११ मध्ये काढला तो मायएसक्यूएल या डेटाबेसचा असाच एक घोळ सुटेना म्हणून. प्रोफाइलरचा मजकूर इतका होता की वाचून संपेना. तेही चित्रच आहे.

स्टॅकट्रेस

फ्लेम ग्राफ हा आलेख आहे. त्यात रुंदीला अर्थ आहे, थराला अर्थ आहे. तुमच्या प्रिंटमध्ये ओळीची रुंदी तुम्ही ठरवलीत. ती बदलली की चित्र बदलतं. जे माझ्या मर्जीने बदलतं त्याला मी पुरावा मानत नाही.

शेवटचं वर्ष

दादा, रुंदी बदलल्यावर चित्र बदलतं हीच तर माहिती आहे ना? बरोबर रुंदी सापडली की तिरक्या रेघा एकदम उभ्या होतात, आणि रेकॉर्ड किती बाइटांचं आहे ते कळतं.

आमच्या प्रोजेक्टसाठी वाचलेल्या दोन गोष्टी सांगते. २००८ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी रॅममध्ये मोना लिसाचं चित्र भरलं, वीज तोडली आणि मेमरी कशी विरत जाते ते दाखवलं: पाच सेकंदांनी जवळपास जसंच्या तसं, मग तीस सेकंद, एक मिनिट, आणि पाच मिनिटांनी जवळजवळ फक्त पट्टे. रॅममधल्या एन्क्रिप्शनच्या किल्ल्या बंद मशीनमधूनही उचलता येतात हे त्या चित्राने कुणालाही पटतं. दुसरं, २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सँटा बार्बरा इथल्या गटाने मालवेअरच्या (घातक सॉफ्टवेअरच्या) फाइली राखाडी चित्रांत बदलल्या आणि नुसत्या पोतावरून २५ कुळांतले ९,४५८ नमुने ९८ टक्के अचूक वेगळे केले. एक ओळही डिसअसेंबल न करता, म्हणजे आतला कोड न उलगडता.

स्टॅकट्रेस

ते वेगळे केले मशीनने. माणूस भिंतीसमोर उभा राहून नाही. आणि पॅकर (फाइल दाबून गुंडाळणारं टूल) बदलला की पोत बदलतो, हेही वाच. मोना लिसाचं उदाहरण मात्र चांगलं आहे, ते मान्य करतो. तिथे आधी काय भरलं होतं ते माहीत होतं म्हणून.

टिळक रोड

मी चित्रकार आहे, कॉम्प्युटरचा माणूस नाही. मित्राने तो प्रिंट दाखवायला नेलं होतं. 'कला आहे की नाही' यावर तुम्ही दोघेही भलतंच बोलताय.

चित्रकार वासुदेव गायतोंडे आपल्या कामाला ॲबस्ट्रॅक्ट म्हणू देत नसत, नॉन-ऑब्जेक्टिव्ह म्हणत. त्यांच्या कॅनव्हासवर कशाचंही चित्र नसतं. या डंपमध्ये नेमकं उलट आहे: एकही ठिपका निरर्थक नाही, प्रत्येक जण कशाचा तरी आकडा आहे, आणि तरी बघणाऱ्याला विषय दिसत नाही. मला त्याचं आकर्षण वाटलं. वरचा काळा भाग, मग अचानक बारीक वाळूसारखा गोंगाट, मग ती वीण. मी बराच वेळ उभा होतो.

पण खराडीकर, तुम्ही त्याला जांभळा-नारिंगी रंग चढवलाय तो कशासाठी? राखाडीत ते चित्र प्रामाणिक होतं. रंगपट्टी सॉफ्टवेअरने निवडली आणि तुम्ही ती ठेवलीत. कुठे कापायचं, किती मोठं छापायचं, काय सोडून द्यायचं, हे निर्णय माणसाने घेतले असते तर मी त्याला काम म्हटलं असतं. आत्ता ते सुंदर सापडलेलं आहे, केलेलं नाही.

रात्रपाळी

कलेचं चालू दे. मला एक सांगा, तो डंप प्रॉडक्शनचा, म्हणजे खऱ्या ग्राहकांच्या चालू यंत्रणेचा, आहे का?

हे विचारतोय कारण राखाडी पीएनजी (चित्राची फाइल) म्हणजे डंपच असतो. त्यात काहीही गाळलं जात नाही, ठिपक्यांचे आकडे ओळीने लिहिले की फाइल परत मिळते. मी पूर्वी जिथे होतो तिथे एका व्हेंडरला डंप पाठवला गेला. आत ग्राहकांचे बारा आकडी आधार क्रमांक, फोन, सगळं साध्या अक्षरांत. ज्यांची माहिती गेली त्यांना कुणी कळवलंही नाही. त्या रात्रीपासून 'डंप' शब्द ऐकला की मला झोप येत नाही. २०१४ च्या हार्टब्लीड या ओपनएसएसएलमधल्या बगमध्ये एका वेळी फार तर ६४ केबी मेमरी बाहेर यायची, तरी जगभर वेबसाइटची सुरक्षा सर्टिफिकेटं बदलावी लागली. इथे लोक अख्खी मेमरी भिंतीवर टांगतात.

खराडीकर

डंप स्टेजिंगचा, म्हणजे चाचणीच्या यंत्रणेचा, आहे. त्यातला डेटा आम्ही स्वतः तयार केलेला आहे.

रात्रपाळी

सगळे हेच म्हणतात. निम्म्या कंपन्यांचं स्टेजिंग म्हणजे मागच्या महिन्याचं प्रॉडक्शन.

खराडीकर

तुम्ही मला न ओळखता खोटारडा म्हणताय. आमचा डेटा बनवणारी स्क्रिप्ट मी लिहिली आहे. हवं तर येऊन बघा, पण असे आरोप करू नका.

रात्रपाळी

खोटारडा म्हटलं नाही. स्क्रिप्ट तुमची असेल तर प्रश्न मिटला. पण मूळ पीएनजी शेअर्ड ड्राइव्हवरून काढा, दुसरा कुणी तुमचं बघून स्वतःचा डंप टाकेल.

अप्पा बळवंत

मी डीटीपीवाला, साठी उलटलेली. एकच विचारतो: या चित्रांत मराठी कशी दिसते?

कारण आमची सगळी हयात त्यात गेली. जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी आकार बसवलेले असायचे. फॉन्ट काढला की पानभर कचरा. सीडॅक या सरकारी संस्थेच्या जिस्ट तंत्रामुळे आयस्की, म्हणजे भारतीय लिपींची संकेतप्रणाली, वापरात आली, १९९१ मध्ये ती भारतीय मानक झाली, एका अक्षरचिन्हाला एक बाइट, किती सुटसुटीत! प्रेसवाल्यांनी ती घेतली नाही, प्रत्येकाने आपापला फॉन्ट धरून ठेवला. आज माझ्याकडे शेकडो पुस्तकांच्या फाइली आहेत ज्या उघडतात पण वाचता येत नाहीत. त्यावर कुणी चर्चा करत नाही.

शेवटचं वर्ष

काका, दिसते, आणि लगेच ओळखू येते! यूटीएफ-८ या आजच्या संकेतप्रणालीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट. पहिला कायम २२४, दुसरा १६४ किंवा १६५, तिसरा बदलतो. म्हणजे दर तिसरा ठिपका उजळ. इंग्रजी मजकूर १२७ च्या आत, म्हणून गडद. रुंदी तीनच्या पटीत ठेवली की मराठीचे उभे पट्टे पडतात. जावा भाषेतल्या प्रोग्रॅमच्या मेमरीत (हीपमध्ये) मात्र प्रत्येक चिन्हाला दोनच बाइट, आणि त्यातला एक नेहमी ९, जवळजवळ काळा.

खराडीकर

अप्पा, तुमच्या प्रश्नावरून आठवलं. स्टॅकट्रेस, हे तुम्ही वाचाच.

एका पतसंस्थेचा डेटा जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत न्यायचा होता. साधी फाइल, प्रत्येक रेकॉर्ड १२८ बाइटांचं, नावाला ३२. मी १२८ रुंदीचं चित्र काढलं. प्रत्येक खातेदार एक ओळ, प्रत्येक फील्ड एक उभा पट्टा. नावाच्या पट्ट्यात डावीकडे मराठीचा उजेड आणि उजवीकडे रिकाम्या जागांचा गडद भाग, तो असायलाच हवा. पण शेकडो ओळींत उजेड थेट कडेपर्यंत गेलेला. 'ज्ञानेश्वर' घ्या: ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. दहा चिन्हं, तीस बाइट. मग एक स्पेस. बत्तिसावा बाइट आडनावाच्या पहिल्या अक्षराचा पहिला तुकडा, २२४. त्या माणसाचं आडनाव उरलं ते एवढंच. पासबुकावर तिथे चौकटीतलं प्रश्नचिन्ह छापलं जायचं.

स्टॅकट्रेस

याला चित्र कशाला? नावाचं फील्ड कडेपर्यंत भरलंय का, एवढी एक ओळीची तपासणी.

खराडीकर

तपासणी लिहायला शंका यावी लागते. त्या फाइलवर रेकॉर्डची संख्या आणि रकमांची बेरीज तपासलेली होती, दोन्ही बरोबर. नाव कापलं जातंय अशी शंका कुणालाच नव्हती. चित्र बघितल्यावर ती आली, आणि मग तुम्ही म्हणता तीच एक ओळ मी लिहिली.

अप्पा बळवंत

बत्तीस बाइट! इंग्रजीत बत्तीस अक्षरं बसतात आणि आमचा ज्ञानेश्वर एकटाच मावतो. ज्याने फील्डची लांबी ठरवली त्याने मराठी नाव कधी लिहिलंच नसेल. मला रक्तदाब आहे म्हणून जास्त लिहीत नाही.

टिळक रोड

हे चित्र लावा भिंतीवर. नाव कुठे तुटलं ती कड दिसू द्या. राखाडीतच.

रात्रपाळी

खऱ्या खातेदारांच्या नावांचं? अजिबात नाही. स्क्रिप्टमधून बनवलेल्या नावांवर काढा आणि मग लावा.

स्टॅकट्रेस

ठीक आहे. माहीत नसलेली फाइल पहिल्यांदा हातात आली की चित्र काढून बघायला माझी हरकत नाही. क्रॅशसाठी मी डिबगरच उघडणार, आणि इंटरव्ह्यूला येणाऱ्यांना तेच विचारणार. कलेतलं मला कळत नाही, त्यावर लिहिलेलं मागे घेतो. रंगांबद्दल लिहिलेलं घेत नाही. रिकामी जागा स्पेसने भरली आहे की शून्याने, तेही चित्रात दिसतं, आणि आयात करताना त्यावरही नावं बिघडतात. ते तपासलंत का?

खराडीकर

तपासलं. काही शाखांतून शून्याने भरून आली होती. नवीन प्रणालीत त्या नावांचा शोधच लागत नव्हता.

अप्पा बळवंत

आणि ज्यांची नावं कापली गेली त्यांचं काय केलंत?

खराडीकर

नवीन फील्डची लांबी चिन्हांत मोजून वाढवली. पण कापलेला भाग जुन्या प्रणालीतही कुठेच साठवलेला नव्हता. खाती उघडतानाचे कागदी अर्ज शाखांच्या कपाटांतून काढले आणि त्यावरून नावं पुन्हा टाइप केली. काही अर्ज सापडले नाहीत. त्या खातेदारांना शाखेत बोलावून नाव विचारावं लागलं.