ऑफशोअर विंड म्हणजे मतलई वारे?

काना-मात्रा: किनाऱ्यावरच्या नगरपालिकांनी समुद्रातल्या पवनऊर्जा उद्योगाला कसा हातभार लावावा, यावरची एक पुस्तिका मराठीत आणते आहे. दोन ठिकाणी अडले. पहिलं 'ऑफशोअर विंड'. आधीच्या मसुद्यात सगळीकडे 'मतलई वारे' होतं. मी खोडलं, तपासनिसांनी परत घातलं. जमिनीकडून समुद्राकडे वाहतो तो मतलई, आयता शब्द असताना नवा कशाला, असं त्यांचं म्हणणं. दुसरं 'लोकल गव्हर्नमेंट सपोर्ट'. 'पाठिंबा' लिहिलं की ठराव केला आणि मोकळे झाले असं वाटतं. पुस्तिकेत मात्र बंदराचा धक्का मजबूत करणं, केबल किनाऱ्याला लागते तिथली जागा, कामगारांचं प्रशिक्षण असं बरंच आहे.

दर्यावर्दी: ताई, तुम्ही खोडलंत ते योग्यच. हवामानाच्या भाषेत ऑफशोअर विंड म्हणजे मतलईच, तिथे तपासनीस चुकत नाहीत. पण इथे 'ऑफशोअर' हे वाऱ्याचं विशेषणच नव्हे, यंत्र कुठे उभं आहे ते त्यातून कळतं. वारा ज्या बाजूने येईल तिकडे यंत्राचं डोकं वळतं. खारा असो की मतलई, वीज होते. शिडाच्या होड्या पहाटे मतलईवर बाहेर पडायच्या आणि दुपारनंतर खाऱ्यावर परतायच्या. दिशा हाच त्या शब्दाचा जीव आहे, तो काढून घेऊ नका.

शुद्धमती: 'अपतटीय पवनऊर्जा' लिहावं. केंद्राच्या 2015 च्या धोरणाच्या हिंदी नावात हाच शब्द आहे. तटापासून दूर ते अपतटीय, अर्थ नेमका.

अनुस्वार: नेमका असेल, पण कानाला कसा लागतो? 'अप' म्हटलं की अपयश, अपघात, अपमान. 'तट' म्हटलं की तटबंदी, नाहीतर गावात पडलेले दोन तट. मासेमारांच्या बैठकीत हा शब्द उच्चारून बघा. 'समुद्रातल्या पवनचक्क्या' म्हणा, पोरासोरांना कळेल.

शुद्धमती: 'अपकेंद्री बल' शाळेत सगळेच शिकलो, तेव्हा कुणाच्या कानाला लागलं नाही. आणि पवनचक्की तर उघड चूक आहे. चक्की दळते. हे यंत्र काय दळतं? पवनजनित्र म्हणा.

अनुस्वार: शाई म्हणजे मुळात काळी, तरी आपण लाल शाईने लिहितो. तेल तिळाचं, तरी खोबरेल तेल म्हणतो. शब्द कामाला लागला की जन्मदाखला कोण बघतं? माझ्या एका अहवालात 'पवनजनित्र' छापलं गेलं, तेव्हा वाचणाऱ्याने विचारलं, हा डिझेलवर चालणारा जनरेटर का? तेव्हापासून मी चक्कीच लिहितो.

मधली सुट्टी: ब्लेडला तरी 'पातं'च ठेवा हं! गवताचं पातं, सुरीचं पातं, डोळ्याचं पातं लवतं न लवतं, किती ठिकाणी बसतो हा शब्द. 2017 च्या जानेवारीत इंग्लंडमधल्या हल शहरात भर चौकात 75 मीटर लांबीचं पातं आडवं मांडलं होतं. हलच्याच कारखान्यात तयार झालेलं, आणि मांडणारे कलाकार नयन कुलकर्णी! समुद्रात दूरवर फिरणारी वस्तू लोकांनी पहिल्यांदा हाताच्या अंतरावरून पाहिली. तो कारखाना तिथे यावा म्हणून हलच्या नगर परिषदेने शेजारच्या परिषदेशी आणि बंदराच्या कंपनीशी हात मिळवला होता. याला नुसता पाठिंबा नाही म्हणवत मला.

दर्यावर्दी: म्हणूनच 'पाठबळ' सुचवतो. पाठीशी उभं राहणं आणि बळ देणं, दोन्ही त्यात आलं. खुल्या समुद्रातल्या जागेचा परवाना सहसा नगरपालिकेच्या हातात नसतो. तिच्या हातात असतं ते किनाऱ्यावरचं. डेन्मार्कमधल्या एस्बियर्गचं बंदर नगरपालिकेच्या मालकीचं. मासेमारीवर वाढलेलं ते गाव आता पवनचक्क्यांचे सुटे भाग जहाजांवर चढवतं. कोपनहेगनजवळ मिडलग्रुन्डनला 20 चक्क्या उभ्या राहिल्या, तेव्हा निम्मी मालकी नागरिकांच्या सहकारी संस्थेकडे आणि निम्मी शहराच्या वीजसेवेकडे होती. तिथे तर 'पाठबळ'ही तोकडं पडतं, 'भागीदारी'च म्हणावं लागेल.

शुद्धमती: आणि 'लोकल गव्हर्नमेंट'? 'स्थानिक सरकार' लिहू नका, कृपा करून.

काना-मात्रा: 'स्थानिक स्वराज्य संस्था' लिहिलं आहे. पण डेन्मार्कच्या नगरपालिकेला स्वराज्य संस्था म्हणताना हात अडखळतो.

शुद्धमती: का अडखळावा? कारभार तिथलेच लोक निवडून चालवतात ना?

अनुस्वार: अडखळणारच. तो शब्द आपल्याकडे 1882 च्या, व्हाइसरॉय रिपनच्या ठरावापासूनचा इतिहास घेऊन येतो. परक्या राज्यात मिळालेलं तेवढंच स्वराज्य, असा त्याला वास आहे. बाहेरच्यांसाठी सरळ 'नगरपालिका' लिहा.

शुद्धमती: मग जिल्हा पातळीवरच्या संस्था कुठे बसवणार? नगरपालिका म्हटलं की त्या सगळ्या गळतात.

मधली सुट्टी: काना-मात्राताई, तुमच्या पहिल्या ओळींतलंच एक विचारते. 'बंदराचा धक्का मजबूत करणं' हे किनाऱ्यापासून लांब राहणाऱ्याला कळेल का? माझ्या भावाला वाचून दाखवलं, तर तो म्हणाला, धक्का कुणाला बसला?

दर्यावर्दी: धक्क्याला हात लावायचा नाही! जहाज जिथे लागतं तो धक्का. 'घाट' लिहिलात तर नदी डोळ्यासमोर येते.