मदत हवी आहे – आईच्या गुडघ्यांसाठी घरी करण्यासारखे व्यायाम

नमस्कार मंडळी, आम्ही गोव्यात फोंड्याला राहतो, आई ६२ वर्षांची आहे आणि दोन्ही गुडघे दुखतात, एक्सरे काढला तर डॉक्टर म्हणाले झीज सुरू झालीये पण ऑपरेशनची गरज नाही, वजन थोडं कमी करा आणि मांडीचे स्नायू मजबूत करा. फिजिओने टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून खाली दाबायचं, ५ सेकंद धरायचं असं शिकवलंय, आणि झोपून पाय सरळ उचलायचा. ते ती करते, म्हणजे मी समोर असले तर करते!

खरा प्रॉब्लेम म्हणजे आई आदोळीवर (जमिनीवर ठेवायची पाटाची खवणी) बसून नारळ खवणं सोडत नाही. मिक्सरचं खोबरं म्हणे हुमणाला (माशाच्या आमटीला) चालत नाही. चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की तर विचारूच नका, सगळं काम जमिनीवर बसूनच. ओट्यावर बसवायची फिरकीची खवणी कोणी वापरलीये का, घट्ट बसते का?

अजून एक, जिना चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा पाय आधी हे मला माहितीय, पण दोन्ही दुखत असतील तर काय करायचं? आणि मिरामारला समुद्रकिनारी वाळूत चालणं बरं की साध्या सपाट रस्त्यावर? नीकॅप दिवसभर घालावी का फक्त चालताना? ज्यांच्या घरी असा त्रास आहे त्यांनी प्लीज सांगा, तेलं आणि चुंबकाचे पट्टे नकोत, ते सगळं करून झालंय.