ताक घालून हर्ब ब्रेड: तिसऱ्यांदा बिघडला, रविवारच्या आत मदत हवी आहे

मृण्मयी_बडोदा | शुक्रवार, दुपारी ३:१२

नमस्कार. ताक आणि हर्ब्स घालून ब्रेड करतेय, आज तिसऱ्यांदा बिघडला. वरून छान तांबूस दिसतो, कापला की आत ओला. सुरीला गोळा चिकटून येतो. उंची जेमतेम दोन बोटं. सगळं रेसिपीप्रमाणे केलं आहे, यीस्टही नवीन आणलं.

परवा रविवारी सासऱ्यांना पंच्याहत्तर पूर्ण होतायत. केक नको म्हणाले, टोमॅटोचं सूप आणि घरचा ब्रेड कर म्हणाले. कधी काही मागत नाहीत ते, म्हणून मला हा ब्रेड करायचाच आहे. काय चुकतंय? लवकर सांगा, प्लीज.

कणीक_तिंबा | ३:३०

कोणतं पीठ? किती? ताक किती आणि कसलं? यीस्ट इन्स्टंट की अ‍ॅक्टिव्ह ड्राय? ओव्हन कुठला? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

मृण्मयी_बडोदा | ३:४१

पीठ घरचंच, घंटीवरून दळून आणलेलं. ताक रेसिपीत आहे तेवढंच. यीस्ट पाकिटातलं. ओटीजी आहे. ह्यात वेगळं असं काहीच नाही हो, म्हणून लिहिलं नव्हतं.

कोथरूड_निवासी | ३:४४

घंटी म्हणजे?

रावपुरा_७१ | ३:५२

गिरणी. आम्हा बडोद्याच्या लोकांच्या तोंडात घंटीच बसली आहे. ताकालाही निम्मी घरं छासच म्हणतात.

सयाजीगंजचे_काका | ४:१५

मृण्मयीताई, यीस्ट सोडून द्या. ताक आहे म्हणजे अर्धं काम झालेलं आहे. ताकातलं आम्ल आणि खायचा सोडा एकत्र आले की लगेच वायू तयार होतो, तोच ब्रेड फुगवतो. आयर्लंडमध्ये घरोघरी असाच ब्रेड करतात, सोडा ब्रेड म्हणतात. पाव किलो पीठ, अर्धा चमचा सोडा, अर्धा चमचा मीठ, साधारण २०० मिली घट्टसर आंबट ताक. मळायचं नाही, फक्त एकत्र करायचं, वर सुरीने फुलीसारखी चीर द्यायची आणि लगेच ओव्हनमध्ये. २०० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं. मी पंधरा वर्षं करतोय, एकदाही फसला नाही.

स्वाती_तव्यावरून | ४:३२

काका, त्यांनी यीस्टच्या ब्रेडबद्दल विचारलं आहे. सोड्याचा ब्रेड चविष्ट असतो, पण पातळ काप पडत नाहीत, चुरा होतो. सूपमध्ये बुडवायला काप हवेत.

मृण्मयी, "घरचं पीठ" म्हणजे कुठल्या गव्हाचं? लोकवन? टुकडी? हे फार महत्त्वाचं आहे.

सयाजीगंजचे_काका | ४:४०

नीट गार होऊ दिला की चुरा होत नाही. गरम कापला तर कुठल्याही ब्रेडचा चुरा होईल.

मधुमेहमुक्त_जीवन | ४:५५

७५ वर्षांच्या माणसाला ब्रेड देऊच नये. त्याऐवजी ज्वारीची भाकरी द्या. मी रोज रात्री भिजवलेली मेथी घेतो, आठ महिन्यांत फार फरक पडला.

मृण्मयी_बडोदा | ५:२०

सासऱ्यांना मधुमेह नाही. दात तेवढे राहिले नाहीत, म्हणून मऊ ब्रेड हवाय. भाकरी त्यांना चावत नाही.

गहू भालिया. दर उन्हाळ्यात वर्षाचा भरतो आम्ही, दिवेल लावून. भाखरी (आमच्याकडची गव्हाची जाड, खुसखुशीत पोळी), लापशी सगळं त्याचंच होतं. ह्या गव्हाची भाखरी इतकी खमंग होते, मग ब्रेड का होऊ नये?

पुण्याची_सुगरण | ५:३१

दिवेल म्हणजे एरंडेल ना? तिथेच चुकतंय. एरंडेल लावलेल्या गव्हाचं पीठ फुगत नाही.

रावपुरा_७१ | ५:३८

असं नाही हो. इथे हजारो घरांत गव्हाला दिवेल लावतात आणि त्याच पिठाच्या पोळ्या टम्म फुगतात. किडीसाठी बोट फिरवल्याइतकंच असतं ते.

शेतीचा_विद्यार्थी | ६:०२

दिवेलाचा प्रश्न नाही, गव्हाचा आहे. भालिया हा ड्युरम गहू. भाल भागात पाण्याशिवाय, जमिनीतल्या ओलीवर पिकतो, २०११ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. दाणा टणक, काचेसारखा. रवा, शेवया, लापशी, पास्ता ह्यांसाठी उत्तम. प्रथिनंही भरपूर. पण पोळीच्या गव्हात ४२ गुणसूत्रं असतात, ड्युरममध्ये २८. गुणसूत्रांचा जो 'डी' नावाचा संच ड्युरममध्ये नाही, त्यातूनच पाव फुगवणारं लवचीक ग्लूटेन, म्हणजे कणकेतलं चिवट प्रथिन, येतं. भालियाचं ग्लूटेन टणक असतं, ताणलं की तुटतं. यीस्ट वायू करतं, पण तो धरून ठेवणारा फुगाच नाही.

घरी पाहता येईल. लिंबाएवढा गोळा घ्या, दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू ताणा. मैद्याच्या चांगल्या मळलेल्या कणकेचा पापुद्रा इतका पातळ होतो की पलीकडचा उजेड दिसतो. तुमच्या कणकेला कडेने भेगा पडतील.

मृण्मयी_बडोदा | ६:२५

आत्ता करून पाहिलं. अगदी तसंच! दोन इंचही ताणला नाही, मधून चिरला.

बेकिंगवेडा | ६:३३

पण इटलीत आल्तामुराचा प्रसिद्ध ब्रेड ड्युरमचाच असतो. म्हणजे ड्युरमचा ब्रेड होत नाही असं सरसकट म्हणता येणार नाही.

शेतीचा_विद्यार्थी | ६:४१

बरोबर, पण तो कोंडा काढून दोनदा दळलेल्या बारीक रव्याचा, आणि जुन्या आंबवणाचा. घंटीवरच्या पिठात कोंडा असतो, तो असलेलं ग्लूटेनही कापतो. दोन्ही अडचणी एकदम.

स्वाती_तव्यावरून | ७:०५

मृण्मयी, आता ताक. घरी घुसळलेलं की पिशवीतलं?

मृण्मयी_बडोदा | ७:१२

पिशवीतली मसाला छास. जिरं, मीठ, मिरची असलेली. चव छान येईल असं वाटलं. रेसिपीत ताक कोमट करा असं होतं, म्हणून चांगली गरम केली. ती फाटली, खाली पांढरा चोथा आणि वर पिवळसर पाणी. मग सगळं तसंच पिठात घातलं. आता ह्यातही चुकलं का? मला फक्त एवढं सांगा की उद्या काय करू.

स्वाती_तव्यावरून | ७:३०

सांगते. मसाला छासमध्ये मीठ असतंच, वर रेसिपीतलं मीठ घातलंत. मीठ जास्त झालं की यीस्टचा वेग मंदावतो. फाटेपर्यंत तापलेल्या ताकात घातल्यावर यीस्टचा बराच भाग मेलाही असेल. यीस्टला ३५-३८ अंश पुरतात, ५५-६० च्या पुढे ते जगत नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहा, बाळाच्या दुधाइतकं कोमट हवं. ताक तर खोलीच्या तापमानाचंच घ्या, तापवूच नका.

उरलेलं यीस्ट आधी तपासा. अर्धी वाटी कोमट पाणी, चिमूटभर साखर, एक चमचा यीस्ट. दहा मिनिटांत फेस आला तर जिवंत आहे.

सयाजीगंजचे_काका | ७:४४

एवढी यातायात करण्यापेक्षा सोडा. आणि भालियाचं पीठ ताणलं जात नाही असं हे म्हणतायत ना, मग सोडा ब्रेडला तर ते फारच चांगलं. आयर्लंडचा गहूही मऊ, पाव फुगवण्याइतकं ग्लूटेन त्यात नसतं, म्हणून तिथे सोड्याचा ब्रेड रुजला.

शेतीचा_विद्यार्थी | ७:५०

ह्या पिठासाठी काकांचं म्हणणं मला पटतं.

मडगावकर | ८:०३

आमच्याकडे पाव खरा ताडीवर फुगायचा. पोर्तुगीज आले तेव्हा यीस्ट कुठे होतं? माडाची ताडी घालायचे पोदेर, म्हणजे आमचे पाववाले. ती चव यीस्टला नाही. थोडी ताडी मिळवा, बघा कसा फुगतो.

रावपुरा_७१ | ८:०९

गुजरातेत दारूबंदी आहे, ताडी कुठून आणायची? बाकी पाव म्हणाल तर सेव उसळीबरोबर मिळतो तो. उसळ आपल्या लोकांनी महाराष्ट्रातून आणली, वरची सेव इथली, आणि आता बडोद्याची ओळखच झाली ती. रविवारी सकाळी गर्दी पाहावी. रस्सा तिखट, वर सेव आणि कांद्याची पात, आणि पाव असा ताजा की दाबला की परत वर येतो.

कोथरूड_निवासी | ८:१५

उसळीत वाटाणे पांढरे की हिरवे?

रावपुरा_७१ | ८:१८

पांढरे, सुके.

मृण्मयी_बडोदा | ८:३०

अहो, उसळीचा वेगळा धागा काढा ना. मला उद्या सकाळी सामान आणायचं आहे. मैदा आणू का? आणि हर्ब्सचं कुणीच काही बोललं नाही.

स्वाती_तव्यावरून | ९:१०

माझं माप देते, ८ बाय ४ इंचाच्या भांड्याचं आहे. मैदा ३०० ग्रॅम, लोकवनची कणीक १०० ग्रॅम. साधं, बिनमिठाचं पातळ ताक २७० मिली. आधी २४० घाला, बाकीचं लागेल तसं. इन्स्टंट यीस्ट एक चमचा भरून, साखर मोठा चमचा, मीठ दीड लहान चमचा, लोणी दोन मोठे चमचे. लोणी शेवटी, कणीक गोळा झाल्यावर. बारा ते पंधरा मिनिटं मळा. सुरुवातीला हाताला चिकटेल, वरून पीठ घालण्याचा मोह आवरा. पापुद्रा ताणला गेला की थांबा.

आता थंडी आहे, उत्तरायणच परवा झालं. तासात दुप्पट होईल असं धरू नका. बंद ओटीजीमध्ये गरम पाण्याची वाटी ठेवून त्याशेजारी कणीक ठेवा. घड्याळ पाहू नका, कणीक पाहा. दुप्पट झाली की हवा काढून, लांबट गुंडाळून भांड्यात घाला आणि काठाच्या वर बोटभर येईपर्यंत पुन्हा ठेवा. ओव्हन तापवताना ती बाहेर काढायला विसरू नका.

हर्ब्स कुठली आणि किती घालता?

मृण्मयी_बडोदा | ९:२२

गच्चीवरच्या कुंड्यांतली. शेपू, पुदिना, ओव्याची जाड पानं, थोडं बेसिल. सगळं मिळून वाटीभर, धुऊन बारीक चिरून. लसूणही सात-आठ पाकळ्या, कच्चा.

स्वाती_तव्यावरून | ९:३५

वाटीभर ओल्या पानांचं पाणी कणकेत उतरतं, आतला ओलेपणा थोडा त्याचाही आहे. धुऊन फडक्यावर पसरा, पूर्ण कोरडी होऊ द्या. शेपू तीन मोठे चमचे आणि ओव्याची चार पानं पुरे. ताकाच्या आंबटपणाला शेपूसारखी जोड नाही. पुदिना भाजल्यावर काळवंडतो, तो सूपवर घाला. कच्चा लसूण जास्त झाला तर यीस्टला मारक. लोण्यात परतून, गार करून, दोन-तीन पाकळ्या.

कणीक_तिंबा | ९:४८

एक राहिलं. ओटीजीचे रॉड कुठले चालू ठेवता?

मृण्मयी_बडोदा | ९:५५

वरचा. वरून रंग यायला हवा ना.

कणीक_तिंबा | १०:०१

म्हणूनच वरून तांबूस आणि आत कच्चा! दोन्ही रॉड लावा, पंधरा मिनिटं आधी तापवा, जाळी खालच्या खाचेत. २०० अंश, ३५ ते ४० मिनिटं. वरून लवकर रंगला तर फॉइल झाका. बाहेर काढून उलटा करा, बुडाला टिचकी मारा, पोकळ आवाज यायला हवा. तासभर गार झाल्याशिवाय कापू नका.

मधुमेहमुक्त_जीवन | १०:२०

मैद्याने आतड्याला त्रास होतो. विचार करा.

मृण्मयी_बडोदा | शनिवार, रात्री ९:४०

यीस्टला फेस आला होता. मैदा सकाळी आणला, शेजारच्या काकूंकडून लोकवनची कणीक आणि घरचं ताक मिळालं. मळायला वीस मिनिटं लागली, मनगट दुखलं, पण पापुद्रा ताणला गेला. त्यातून खिडकी दिसली मला! पहिल्यांदा फुगायला पावणेतीन तास लागले. भाजताना एका बाजूला चीर गेली आहे. पण भांड्याच्या काठाच्या वर आला आहे. टिचकी मारली, पोकळ वाजला. शेपूचा वास जिन्यापर्यंत गेला. उद्या कापते.

कणीक_तिंबा | ९:५२

चीर म्हणजे दुसऱ्यांदा थोडा कमी फुगलेला. चवीत फरक नाही. पुढच्या वेळी भाजायच्या आधी वर ब्लेडने एक लांब चीर द्या, म्हणजे तिथूनच उघडेल.

मृण्मयी_बडोदा | रविवार, रात्री १०:१५

अण्णांनी दोन काप खाल्ले, सूपात न बुडवता. कड काढून ठेवतील असं वाटलं होतं, तीही खाल्ली. सगळ्यांचे मनापासून आभार. काका, भालियाचं पीठ अजून डबाभर आहे, त्याचा सोड्याचा करून पाहते. त्यातही शेपू घालू ना?

सयाजीगंजचे_काका | १०:२८

जरूर. सोबत थोडं जिरं भाजून. ताक मात्र आंबट हवं, दोन दिवसांचं. आणि सोडा ओला झाला की थांबायचं नाही, ओव्हन आधीच तापलेला हवा.

कोथरूड_निवासी | १०:४०

शेपू घरात कुणाला आवडत नसेल तर मेथी चालेल का?

स्वाती_तव्यावरून | १०:४६

चालेल. नुसती पानं घ्या आणि आधी तव्यावर परतून पाणी आटवा.