साठ मिनिटांची मर्यादा आणि दीड मिनिटाचा फरक: दावे योग्य की नुसता देखावा?

फुलपात्र: ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या १३ राज्यांनी आणि वॉशिंग्टन डीसीने टिकटॉकवर कोर्टात दावे ठोकले, ॲप मुलांसाठी सुरक्षित आहे असं सांगून फसवलं म्हणून, मुख्यतः ग्राहक संरक्षण कायद्याखाली. मी न्यू जर्सीत राहते, आमचं राज्यही त्यात आहे. केंटकी राज्याच्या दाव्यात काळी पट्टी मारून झाकलेला मजकूर कॉपी-पेस्ट केला की चक्क वाचता येत होता! त्यात कंपनीचाच हिशोब निघाला: मुलांसाठी साठ मिनिटांची मर्यादा आणल्यावर रोजचा वापर १०८.५ मिनिटांवरून १०७ वर आला. आणि हीच मर्यादा पालकांपुढे मिरवायची. ही फसवणूक नाही तर काय?

तिरकस: ताई, पोराच्या हातात फोन दिला कोणी? कंपनीने घरी आणून दिला नाही. शिवाय कंपनीचं म्हणणं असं की कागदातली सोयीची वाक्यं तेवढी उचलली आहेत. तीही बाजू ऐका की.

फुलपात्र: फोन मीच दिला, कबूल. पण ती मर्यादा चालते कशी, बघितलंत? साठ मिनिटं झाली की पासकोड मागतात. तेरा वर्षांवरच्या मुलांचा पासकोड मुलांकडेच. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! मी शेजारी बसलेली असताना लेकीने चार आकडे दाबले. मान वर केली नाही.

बाराखडी: कायद्याचं थोडं. अमेरिकेतल्या १९९६ च्या कायद्यातल्या कलम २३० मुळे, लोकांनी टाकलेल्या मजकुरासाठी कंपनीला सहसा जबाबदार धरता येत नाही. म्हणून राज्यं म्हणतात, व्हिडिओ राहू द्या, तुम्ही 'सुरक्षित आहे' म्हणून विकलंत त्याचं बोला. मेटावर, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कंपनीवर, २०२३ मध्ये ४१ राज्यं आणि डीसी गेले तेही बरंचसं याच वाटेने. तिथे न्यायाधीशांनी काही मुद्दे २३० खाली छाटले, पण कंपनीने लोकांना फसवं सांगितलं, हा आरोपाचा भाग चालू ठेवला. खरी धार तिथेच आहे.

तिरकस: धार कसली, वसुली म्हणा. १९९८ मध्ये ४६ राज्यांनी तंबाखू कंपन्यांशी समझोता केला, २५ वर्षांत २०६ अब्ज डॉलर मिळणार होते. त्यातला बराच पैसा व्यसनमुक्तीऐवजी राज्यांच्या बजेटची भोकं बुजवण्यात गेला. इथेही पोरं राहतील बाजूला. वर वय तपासायचं म्हणून सगळ्यांची ओळखपत्रं याच कंपन्यांच्या हवाली करायची.

बाराखडी: ओळखपत्राचा मुद्दा रास्त आहे, त्यावर माझ्याकडेही उत्तर नाही. पण पैसा कुठे गेला यावरून दावाच चुकीचा कसा ठरतो?

कोकणमेवा: आपल्याकडे जून २०२० मध्ये टिकटॉक बंदच केलं. माझी भाची आठवडाभर हळहळली, मग दुसऱ्या ॲपवर तेच सुरू. बंदीपेक्षा हे दावे बरे, निदान आतले कागद तरी बाहेर येतात.

तिरकस: कागद बाहेर आले ते पट्टी नीट मारली नाही म्हणून. दाव्याचं श्रेय कसलं त्यात?

फुलपात्र: दावाच नसता तर पट्टी मारायला कागद कुठून आला असता, तिरकसराव?