शाळेत तुमचं नाव कधी पुकारलं गेलं होतं? गुणगौरवाचे अनुभव इथे लिहा

शाळामास्तर

दहावीचा निकाल लागला की शाळेच्या गेटवर फ्लेक्स लागतो. पहिल्या तिघांचे फोटो मोठे, पुढच्या दहा-बाराजणांचे पासपोर्ट साईज आणि बाकीचा वर्ग कुठेच नाही. बोर्डाने गुणवत्ता यादी लावणं बंद करून बरीच वर्षं झाली, तरी शाळेच्या पातळीवर पहिला-दुसरा-तिसरा काही सुटत नाही. त्या मुलांचं कौतुक व्हायलाच हवं, रात्ररात्र बसलेली असतात ती. पण मी नववी-दहावीला शिकवतो आणि मला सतत वाटतं की वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं पाचवीला येतात नि दहावीला बाहेर पडतात, आणि त्या सगळ्या काळात एकदाही त्यांचं नाव चांगल्या कारणाने माईकवरून घेतलं जात नाही.

म्हणून हा धागा. महाराष्ट्रातल्या माध्यमिक शाळांमधला अनुभव हवाय, शिक्षक म्हणून, पालक म्हणून किंवा स्वतः विद्यार्थी असतानाचा. शिष्यवृत्ती, चित्रकलेच्या परीक्षा, खेळ, विज्ञान प्रदर्शन, स्नेहसंमेलन, काहीही चालेल. कौतुक कसं झालं ते नीट लिहा, नुसतं 'छान झालं' नको. शाळेचं आणि मुलांचं नाव मात्र टाकू नका.

सुरुवात मी करतो. आमच्याकडे परिपाठात प्रार्थना, प्रतिज्ञा, बातम्या, दिनविशेष, सुविचार असा नेहमीचा क्रम असतो. त्यात मुख्याध्यापिका बाईंनी एक मिनिटाचा 'उल्लेख' आणला. आदल्या दिवशी कोणी काही चांगलं केलं असेल तर ते नावानिशी सांगायचं. एकदा शाळेचा माईक आठवडाभर खरखरत होता, दुरुस्तीला न्यायला कोणाला सवड नाही. नववीतला एक मुलगा, गणितात कायम काठावर, मधल्या सुट्टीत विचारायला आला की सर उघडून बघू का. घरून सोल्डरिंग गन आणली, आमचे प्रयोगशाळा सहाय्यक शेजारी उभे राहिले आणि त्याने जॅकमधली तुटलेली वायर परत जोडली. दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याच माईकवरून सांगितलं की आज माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतोय तो कोणामुळे, आणि नुसतं 'माईक दुरुस्त केला' असं न म्हणता वायर कुठे तुटली होती, त्याने ती कशी शोधली, सगळं सांगितलं. पोराचे कान लाल झाले होते. त्यानंतर तो वर्गात प्रश्न विचारायला लागला, गणितातसुद्धा.

रंगपेटी

मास्तर, धागा काढलात बरं केलंत. मी कलाशिक्षिका होते, आता निवृत्त.

आमच्या विषयाचं कौतुक म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. कला संचालनालयाच्या परीक्षा. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती-अक्षरलेखन असे पेपर असतात. निकाल लागला की ए ग्रेडवाल्यांची नावं फळ्यावर लिहायची आणि झालं, अशी पद्धत होती. मी रुजू झाल्यावर वेगळं सुरू केलं. परीक्षेला बसलेल्या प्रत्येक मुलाचं सरावाचं एक चित्र व्हरांड्यात लावायचं, ग्रेड न लिहिता. कुठलं लावायचं ते मुलाने ठरवायचं. आणि खाली दोन ओळी, या चित्रात मला काय अवघड गेलं. मुलं काय सुंदर लिहायची! एकीने लिहिलं होतं की पितळेच्या तांब्यावर उजेड पांढरा पडत नाही, पिवळा पडतो, हे मला दिवाळीनंतर कळलं. पालकसभेला आलेली माणसं मार्क विचारायचं सोडून तिथेच वाचत उभी राहायची.

आता महत्त्वाचं. इंटरमिजिएट पास झालेल्या मुलाला दहावीला वाढीव गुण मिळतात, ए ला ७, बी ला ५, सी ला ३. ते आपोआप नाही मिळत, शाळेने बोर्डाकडे वेळेत प्रस्ताव पाठवावा लागतो. मी अशीही शाळा पाहिलीय जिथे स्टेजवर मुलांना गुलाबपुष्प दिलं, फोटो काढले आणि प्रस्तावाची तारीख उलटून गेली. मुलांचे हक्काचे गुण गेले. त्यामुळे माझ्या लेखी गुणगौरवाचा अर्धा भाग ऑफिसच्या टेबलावर होतो. प्रमाणपत्राच्या झेरॉक्स, नावातलं स्पेलिंग, मुदत. कोणी टाळ्या वाजवत नाही यासाठी पण मुलाला खरं काय मिळतं ते यातूनच.

मुलीचा बाबा

रंगपेटी ताई, ऑफिसच्या टेबलाबद्दल शंभर टक्के. माझी मुलगी आठवीत एनएमएमएस मध्ये निवडली गेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही केंद्राची शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नाची अट साडेतीन लाखांची आहे, सरकारी, अनुदानित आणि स्थानिक संस्थांच्या शाळेतल्या मुलांसाठी. नववीपासून बारावीपर्यंत महिन्याला १,००० म्हणजे वर्षाला १२,००० रुपये थेट मुलाच्या खात्यात. आधी ६,००० होते.

शाळेने २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर सत्कार ठेवला, मलाही पुढे बोलावलं. मी ड्रायव्हर आहे, ड्युटीवरूनच आलो होतो, खाकी शर्टातच होतो, मागे उभा राहत होतो तर वर्गशिक्षिका बाई स्वतः मागे आल्या आणि म्हणाल्या दादा तुम्ही पुढे या, रोज रात्री हिची बुद्धिमत्तेची पुस्तकातली उदाहरणं तुम्ही घड्याळ लावून सोडवून घ्यायचा हे हिने मला सांगितलंय. हे बाईंनी सगळ्यांसमोर माईकवर पण सांगितलं. मला काय वाटलं ते लिहिता येत नाही.

पण पुढचं ऐका. या शिष्यवृत्तीसाठी नववीत पोर्टलवर अर्ज भरावा लागतो आणि पुढे दरवर्षी रिन्यू करावा लागतो. नववीत आम्हाला ओटीपी, आधार, बँक लिंक काही जमेना, तेव्हा शाळेतल्या लिपिक सरांनी आमच्यासारख्या सगळ्या पालकांना एका शनिवारी बोलावून बसवून फॉर्म भरून घेतले. हार-तुरा एकदा होतो हो, हे काम बारावीपर्यंत दरवर्षी करावं लागतं. निवड झाली आणि रिन्यूअल राहिलं म्हणून पैसे बंद झालेली मुलं मला माहितेत. तेव्हा शाळांना विनंती, सत्कार करताना त्याच दिवशी पालकांना पुढची तारीख पण सांगून ठेवा.

लांबउडी

माझा अनुभव आधी वाईट आणि मग चांगला आहे.

मी सतरा वर्षांखालच्या गटात लांब उडीला तालुका, जिल्हा, विभाग करत राज्यापर्यंत गेले होते आणि त्या वर्षी स्नेहसंमेलनात बक्षीस समारंभ होता, आई सुट्टी टाकून आली होती, आजी आली होती, कार्यक्रम पाचचा तो पाहुणे सातला आले, मग त्यांचा सत्कार, मग त्यांच्याबरोबर आलेल्या सगळ्यांचा सत्कार, शाल श्रीफळ, मग भाषणं, आणि मग उशीर झाला म्हणून खेळाडूंची नावं एका दमात वाचून टाकली आणि 'मेडल वर्गात मिळतील' असं जाहीर केलं. आजीला तर माझं नाव ऐकूही आलं नाही. ती घरी जाईपर्यंत विचारत होती, झालं का तुझं?

सोमवारी खेळाच्या सरांनी पहिल्या तासाला पाचवी ते सातवीची मुलं ग्राउंडवर काढली. मातीच्या हौद्याशेजारी त्यांनी टेप लावून माझी राज्य स्पर्धेतली उडी मोजली आणि सुरुवातीला एक आणि शेवटाला एक अशा चुन्याच्या रेघा मारल्या. पाच मीटरच्या जरा अलीकडे. मग मुलांना म्हणाले, बघा रे, तुमच्या ताईने हे हवेत पार केलंय. एकेक करून पोरं त्या दोन रेघांमध्ये आडवी झोपायला लागली. तीन झोपून पण जागा उरत होती! मग सगळी जागच्या जागी उड्या मारून बघायला लागली. त्यातली एक बारकी मुलगी दुसऱ्या दिवसापासून सरावाला आली आणि पुढे तीही विभागापर्यंत गेली. सरांनी त्या रेघा वर्षभर जाऊ दिल्या नाहीत, पुसट झाल्या की परत मारायचे. आजीला मी नंतर नेऊन दाखवल्या.

पाहुण्यांचे सत्कार आधी असतात ते प्लीज शेवटी घ्या. मुलांची बक्षिसं आधी, मग बाकी सगळं.

शाळामास्तर

लांबउडी, तीन पोरं झोपून जागा उरत होती हे वाचून मी दोनदा थांबलो. पाच मीटर हा आकडा मला कधी असा दिसला नव्हता. आमच्या सरांना आजच सांगतो.

क्रमाचं तुम्ही म्हणता ते अगदी बरोबर. आम्ही गेल्या वर्षीपासून पत्रिकेतच छापतो, बक्षीस वितरण पहिलं. एकही पाहुणा नाराज झाला नाही.

आठवीची आई

थोडक्यात लिहिते. माझा मुलगा स्वमग्न आहे, नेहमीच्या शाळेत आहे. पाढे, तारखा, रेल्वेची वेळापत्रकं तोंडपाठ. विज्ञान प्रदर्शनात त्याच्या गटाला बक्षीस मिळालं. पण टाळ्यांचा मोठा आवाज त्याला सहन होत नाही, कान धरून खाली बसतो. त्याच्या बाईंनी मला आधी फोन केला, स्टेजवर चालेल का? मग त्यालाही विचारलं. तो म्हणाला वर्गात चालेल. वर्गात सगळ्यांनी टाळ्यांऐवजी दोन्ही हात वर करून नुसते हलवले, कर्णबधिर लोक करतात तसे. तोही हात हलवत होता, खूप वेळ.

एवढंच सांगायचंय की आधी विचारा. न बोलणारी, लाजणारी मुलं असतात, त्यांनाही कौतुक हवं असतं पण वेगळं.

मागचा बाक

मी दहावी रात्रशाळेतून केली, दिवसा प्रेसमध्ये बाइंडिंगला होतो. आमच्याकडे बक्षीस समारंभ शेवटचा तास संपल्यावर, रात्री. स्टेज नव्हतं, दोन बेंच जोडायचे. पण आमच्या हेडसरांची एक पद्धत होती, ज्याच्याकडे मुलगा कामाला आहे त्या मालकाला पत्र पाठवून बोलवायचे. माझे शेठ आले. त्यांना माहीतच नव्हतं मी शिकतोय, मी मुद्दाम सांगितलं नव्हतं, वाटायचं काढून टाकतील. सरांनी माझा निबंध वाचून दाखवला, त्यात बाइंडिंगचंच वर्णन होतं, खळ कशी लावतात, फर्मे कसे लावतात, पानं उलटी लागली तर काय होतं. शेठ शेवटी उठून म्हणाले परीक्षेच्या महिन्यात हा चारला सुटेल. आणि खरंच सोडलं.

बक्षिसं पण वेगळी असायची. सर्वात जास्त हजेरीचं बक्षीस सगळ्यात मोठं मानायचे. आठ तास उभं राहून काम करून जो सात वाजता वर्गात येऊन बसतो त्याला ते मिळायचं. आमच्यात एक काका होते, केस पांढरे, त्यांनी ते घेतलं तेव्हा त्यांची दहावीतली मुलगी खाली बसलेली. दोघं एकाच मार्चला बोर्डाला बसले.

विंगेतली

स्नेहसंमेलनाबद्दल कोणीच लिहिलं नाही? नाचणारी, गाणारी मुलं सगळ्यांना दिसतात. आमच्याकडे पडदा ओढणारी दोन मुलं, क्यू देणारी, साडीच्या निऱ्या घालून देणारी, हरवलेला एक घुंगरू शोधत फिरणारी, या सगळ्यांना शेवटी स्टेजवर बोलवून कोणी काय केलं ते एका वाक्यात सांगतात. मी पडद्यावर होते. अजून आई सांगते पाहुण्यांना, हिच्या वेळी पडदा एकदाही अडकला नाही.

ऑफिसमधला

मी एका अनुदानित शाळेत लिपिक आहे. वर आमच्या जमातीचा उल्लेख आला म्हणून लिहायचं धाडस करतो.

मध्यंतरी एक माजी विद्यार्थिनी आली. लग्न झालेली, कडेवर मूल. शाळेत असताना राज्यस्तरावर कबड्डी खेळली होती आणि नोकरीच्या अर्जासाठी त्याचा कागद हवा होता, मूळ प्रमाणपत्र पुरात गेलं होतं. आमच्याकडे जनरल रजिस्टरला तिची जन्मतारीख, जात, दाखला सगळं सापडलं पण ती खेळल्याची एक ओळ कुठे नाही. शेवटी त्या काळच्या शिक्षकांच्या घरी जुनी पत्रं मिळाली, त्यावर स्पर्धेची तारीख होती, त्यावरून पुढे क्रीडा कार्यालयात अर्ज करता आला. त्या बाई निघताना म्हणाल्या, सर मी खेळले होते हे आता मलाच खरं वाटेनासं झालं होतं.

तेव्हापासून मी एक वेगळी वही ठेवली आहे. जाड बांधणीची. मुलाचं नाव, जनरल रजिस्टर नंबर, वर्ष, काय केलं, कुठल्या स्तरावर, प्रमाणपत्र क्रमांक, सोबत कोणते शिक्षक होते, आणि वाढीव गुणांचा किंवा शिष्यवृत्तीचा प्रस्ताव पाठवला असेल तर त्याची तारीख. परिपाठातलं, वर्गातलं, विंगेतलं पण लिहितो, फक्त स्पर्धेतलं नाही. वर्षाच्या शेवटी मुख्याध्यापकांची सही घेतो. झेरॉक्स वेगळ्या फाईलला.

मास्तर, तुमच्या त्या माईकवाल्या मुलाचं पण कुठेतरी लिहून ठेवा. रकान्यांचा नमुना कोणाला हवा असेल तर सांगा, इथेच टाकतो.

शाळामास्तर

हवाय, नक्की टाका. आणि क्रीडाशिक्षक, स्काऊट-गाईडवाले, एनसीसीवाले कोणी वाचत असाल तर तुमचं अजून यायचंय. धागा चालू आहे.