घरापासून लांब, नीटचं एक वर्ष: तुमचे अनुभव सांगा

थोरलीला यंदा नीटमध्ये, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत, फिजिक्सनं दगा दिला. आता जूनमध्ये लातूरला रिपीटर बॅचला, म्हणजे परीक्षा पुन्हा देणाऱ्यांच्या क्लासला, जातेय. आम्ही जिंतूरचे, शिकायला घराबाहेर पडणारी आमच्यातली ही पहिलीच. फी किती, बॅच कोणती, सर कोण ही माहिती ढीगभर मिळाली, ती नको. ७२० पैकी किती पडले तेही नको. ज्यांना चांगले पडतात त्यांचे फोटो फ्लेक्सवर असतातच. मला विचारायचंय ते वेगळं. पहिला आठवडा कसा जातो? आजारी पडलं तर कोण बघतं? घरी काय सांगितलं जातं आणि काय दडवलं जातं? जे राहिलेत, ज्यांची मुलं राहिलीत, ज्यांनी अशी मुलं सांभाळलीत, त्या सगळ्यांनी लिहा. नंबर लागला नसेल त्यांनी तर लिहाच.

निलंगा तालुका, २०२१-२२

माझं वर्ष डब्यावर निघालं. मेस परवडत नव्हती असं नाही, आईला पटत नव्हती. सकाळी लातूरच्या स्टँडवर गेलात तर दिसेल, गावोगावच्या एसटीतून डबे उतरत असतात. कुणाचा फडक्यात बांधलेला, कुणाचा खताच्या पिशवीत, कुणाच्या झाकणावर नेलपॉलिशनं नाव. आपली गाडी लागली की ड्रायव्हरमागच्या सीटखाली हात घालायचा. आमची गाडी मुक्कामी, सहाला गावातून सुटायची, म्हणजे आई चारला उठायची. भाकरी, एक कोरडी भाजी, शेंगदाण्याची चटणी. रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं परत.

एकदा डबे बदलले. रविवार होता, उघडला तर मटण. आमचं घर माळकरी. मी खाल्लं की नाही हे आईला अजून माहीत नाही. दुसऱ्या दिवशी स्टँडवर एक पोरगा डबा घेऊन उभा. म्हणाला, "तुमच्या दोडक्यानं माझी टेस्ट गेली." पुढं तोच माझा रूम पार्टनर झाला.

मग दिवाळीच्या तोंडावर एसटीचा संप सुरू झाला, तो एप्रिलपर्यंत चालला. संपाचा मला राग नव्हता. आमच्या गाडीचे कंडक्टर काका नावानं हाक मारायचे, त्यांच्या हातात महिन्याला काय पडतं ते ऐकून होतो. पण डबा थांबला. काळी-पिवळीवाला डब्याचे वेगळे पैसे मागायचा आणि कधी कधी डबाच विसरायचा. शेवटी वडील आठवड्यातून दोनदा मोटारसायकलवर यायला लागले, धपाटे घेऊन, टिकतात म्हणून. तिसऱ्या दिवशीच्या धपाट्याला पाण्याचा हात लावून तव्यावर टाकायचं हे मी त्या वर्षी शिकलो.

१७ जुलैला परीक्षा. गाड्या सुरू झाल्या होत्या. दीड वाजता गेट बंद होतं म्हणून त्या दिवशी डबा पाठवू नको असं बजावलं होतं. तिनं पाठवलाच. पेपर सुटल्यावर सहाच्या सुमाराला स्टँडवर गेलो, चौकशीच्या खिडकीतल्या माणसानं बाजूला ठेवला होता. तिथंच बाकावर बसून खाल्ला.

१९९६ सालचा

वरचं वाचून हसलो. आमच्या वेळी ना नीट ना राज्याची सीईटी, प्रवेश परीक्षाच नव्हती. बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीच्या मार्कांवर मेडिकल. त्यामुळं लातूर पॅटर्न, म्हणजे इथली तयारी करून घ्यायची पद्धत, म्हणजे लिहिणं. रोज उत्तरपत्रिका, बोट दुखेपर्यंत. घरी फोन नव्हता, शेजाऱ्यांकडं होता. रात्री दर उतरले की एसटीडी बूथवर रांग. माझा नंबर येईपर्यंत शेजारी झोपलेले असायचे, मग तसाच परत यायचो. आईशी वर्षभरात चारदा बोललो असेन. त्रास झाला का? तेव्हा कळला नाही एवढंच.

२०१६, मुलींचं हॉस्टेल

आमची पाण्याची बॅच. सुरुवातीला मुलीमागं दोन बादल्या, फेब्रुवारीपासून एक. बादल्यांवर ऑइलपेंटनं नंबर टाकले होते, माझा १४. केस धुवायचे तर दोन दिवस पाणी साठवायचं. मी सरळ केस कापून टाकले. गावी गेले तर आजी दोन दिवस बोलली नाही. मार्चमध्ये टाक्यांभोवती जमावबंदी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. सगळं शहर बघायला गेलं म्हणे. आम्ही गेलो नाही, ५ मेला सीईटी होती.

आणि त्या सीईटीच्या आठवडाभर आधी सुप्रीम कोर्टाचा आदेश आला की सगळ्यांना नीटच. आम्ही अख्खं वर्ष बारावीच्या पुस्तकांवर काढलेलं, नीटला अकरावीही. माझी अकरावीची पुस्तकं मी एका ज्युनिअरला देऊन टाकली होती. रात्री दहा वाजता तिच्या दारात उभी राहून परत मागितली. तिनं दिली, पण चेहरा काय झाला होता तिचा! सीईटी झाली ती धरणार की नाही हे न कळताच दिली. पुढं मे संपता संपता अध्यादेश निघाला, राज्याच्या कॉलेजांना त्या वर्षापुरती सूट मिळाली आणि आमची सीईटी धरली गेली. पुस्तकं मी पुन्हा त्या मुलीला नेऊन दिली.

आता वॉर्डात एखादा नळ ठिबकत असला की मी राउंड थांबवून तो बंद करते. सिस्टर हसतात.

भुसावळचा, कोटा २०१९-२०

लातूर निदान आपलं आहे. कोट्यात पहिल्या महिन्यात मला कुणी 'भैया' म्हटलं की मी मागं वळून बघायचो. जेवणात रोज बटाटा, नाश्त्याला कचोरी. सवय झाली, खरं तर आवडायलाही लागलं. मग मार्चमध्ये लॉकडाऊन. उत्तर प्रदेशनं बसेस पाठवून आपली मुलं नेली. मोठ्या हॉस्टेलात मजल्यावर मी आणि परभणीचा एक, दोघंच. रात्री कॉरिडॉरमधला दिवा चालू ठेवून झोपायचो.

एप्रिलच्या शेवटी धुळ्याहून सत्तरच्या आसपास एसटी आल्या. कोट्याच्या रस्त्यावर लालपरीची रांग! तो परभणीवाला गाडीच्या पत्र्याला हात लावून उभा राहिला होता. मी त्याला चिडवलं, आणि मग मीही लावला.

घरी आलो आणि खरी परीक्षा सुरू झाली. परीक्षा ३ मेवरून २६ जुलैवर गेली, तिथून १३ सप्टेंबरवर. दोन खोल्या, सहा माणसं, आजोबांच्या बातम्या मोठ्या आवाजात. कोट्यात मला घर हवं होतं, घरी आल्यावर खोली हवी झाली. शेवटी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसायचो. सावली सरकेल तसा मी सरकायचो.

मुखेड तालुका

ताई, माझा मुलगा नुसता राहिला नाही, मीच राहिले त्याच्याजवळ. खाडगाव रोडला एक खोली, पुढं पत्र्याचं शेड, त्यात गॅस. हे आणि धाकटी गावाकडं. आमच्या गल्लीत दर दुसऱ्या खोलीत अशी एक आई होती. पोरं क्लासला गेली की आम्ही ओट्यावर. कुणी साड्यांना फॉल लावायची, कुणी फोनवर गड्याला फवारणी सांगायची. त्या वर्षीचं सोयाबीन मी फोनवरच काढलं.

पहिले दोन महिने तो वाचत असला की मी खोलीतच बसायचे. एक दिवस म्हणला, "आई, तू माझी पानं मोजलालीस." मोजत नव्हते. पण बराच वेळ पान उलटलं नाही की मला कळायचं, हे खरं. तेव्हापासून सात ते दहा मी बाहेर. जवळच्या मारुतीच्या देवळात जाऊन बसले तर तिथं आणखी चार बाया, सगळ्या पोरांनी हाकललेल्या.

सप्टेंबरात त्याला डेंग्यू झाला. डॉक्टर व्हायला आलेलं पोरगं सुईला भ्यायचं. हाताला सलाइन, तरी पुस्तक मागायलं. मी सातवी शिकलेली, इंग्रजी अक्षर लावून लावून वाचते. पुस्तक धरलं आणि वाचलं, मा-य-टो-कॉन्-ड्रि-या. नर्स हसली. तो हसला नाही. डोळे मिटून पुढची ओळ म्हणला, मी बोट ठेवून बघितलं, बरोबर होती. अशी तीन पानं झाली.

नंबराचं सांगू नका म्हणलात, म्हणून नाही सांगत. धाकटीचं सांगते. तिचं पाचवीचं वर्ष माझ्याविना गेलं. आता वेणी घालायला बोलावलं तर म्हणते, राहू दे, मी घालते माझी.

मेस चालवते, अकरा वर्षं झाली

टेस्ट अवघड गेली हे मला भातावरून कळतं. रविवारी पातेल्यात अर्धा भात राहिला की समजायचं. तुमच्या मुलीला एकच सांगा, खाडा लावायचा तर सांगून लावावा. भाजी आवडली नाही तर पोरी तोंडानं बोलत नाहीत, गपचूप खाडे लावतात आणि रात्री मॅगी खातात. बोलली तर वेगळं करून देता येतं.

धाराशिव जिल्हा. नंबर लागला नाही

दडवण्याचं विचारलंत म्हणून लिहितो. टेस्टचे मार्क मेसेजनं पालकांना जायचे. मी फॉर्मवर वडिलांच्या नावापुढं माझ्याच दुसऱ्या सिमचा नंबर टाकला होता. ३१० पडले, घरी ४१० सांगितले. एकदा ४१० सांगितले की पुढच्या वेळी ४१० च्या वरचं सांगावं लागतं. जानेवारीत माझे सांगायचे मार्क ५६० होते. वडील पारावर सांगायचे, आणि गावातून मला अभिनंदनाचे फोन यायचे.

मार्चमध्ये वडील हरभरा घेऊन लातूरच्या आडतीवर आले. माल घालून दुपारी खोलीवर आले, हातात पट्टी. मला दाखवली. वजन, हमाली, तोलाई, सगळं कापून खाली उरलेला आकडा. म्हणाले, "बघ, भाव सांगतेत एक आणि हातात पडतंय एक." ते बाजाराबद्दल बोलत होते. मला रडू फुटलं.

सगळं सांगितलं. ते पट्टीची घडी घालत राहिले. लहान लहान करत गेले ती घडी. मग म्हणाले, "जेवलास का?" गंजगोलाईत जाऊन दोघांनी भजी खाल्ली. फी भरलेली आहे, परीक्षेपर्यंत राहा म्हणाले. राहिलो. नीटला ४२३ पडले, आणि घरी ४२३ च सांगितले. आता बीएस्सी ॲग्री करून कृषी सेवा केंद्र चालवतो, बरं चाललंय.

ताई, मेसेज तुमच्याच नंबरवर येऊ द्या. पण आल्या आल्या फोन करू नका.

जिंतूरहून, पुन्हा मीच

सगळं वाचलं. तिनंही वाचलं. मी दाखवलं नव्हतं, फोन तिनंच उचलला. शेवटचा अनुभव वाचून म्हणाली, रविवारी नको, सोमवारी संध्याकाळी फोन करत जा. बरं म्हटलं. मला जमेल का माहीत नाही.

परवा सकाळी निघतोय. गादी, कुकर, टेबललॅम्प बांधून झालं. बादलीवर धाकट्यानं नेलपॉलिशनं १४ लिहिलाय. निलंग्याच्या दादांना एक विचारायचं होतं, इकडून रोजचा डबा जमणार नाही, गाडीलाच चार-पाच तास लागतात. पण पंधरा दिवसांतून एकदा धपाटे पाठवायचे तर कंडक्टरशी आधी बोलून ठेवावं लागतं, की तिकीट काढतात डब्याचं?